रात्रीच्या दुधाची गाडी

सोनाक्का कॅनच्या झाकणावरच बसली. म्हणाली, "गादी घालून दिलीस तरी मी हितंच बसनार. उद्या कुणी म्हनाय नको, वाटंत झाकान उघाडलं."

पिकअपच्या हौद्यात आम्ही दोघी होतो आणि दुधाचे कॅन होते. पुढं केबिनमध्ये आमचे हे गाडी चालवत होते. मी पोत्याची घडी खाली घेऊन फळीला टेकले होते. माघातली थंडी होती, नुकतं उजाडत होतं, आणि माझं मौन सुटायला अजून अवकाश होता. त्यामुळं बोलायचं काम सगळं सोनाक्काकडं होतं, आणि ते तिला कधी जड गेलं नाही.

पहाटे अंगावर पाणी घेतलं की बाळकृष्णाला लोण्याचा नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नसे. सासूबाईंनी घालून दिलेला नेम. आधी घरच्या म्हशीचं ताक घुसळायचं, मग पुढच्या ओसरीत, सोप्यावर, गावचं दूध गोळा करून घ्यायचं, गाडी गेली की देवापुढं बसायचं, आवळ्याएवढं लोणी वाटीत ठेवायचं, आणि मग पहिला शब्द बोलायचा, तो देवाशी. खाणंपिणंही त्यानंतर. गावाला हे ठाऊक होतं. दूध घालायला आलेल्या बायका माझ्या बोटांच्या खुणा बघून पुढं सरकत, पोरीबाळी माझी नक्कल करत. आम्ही गुरव, घरात असलं काही चालायचंच, असं लोक धरून चालत.

त्या पौषात मात्र माझ्या लोण्याच्या वाटीची चर्चा वेगळी सुरू झाली.

आमच्या सोप्यावर संध्याकाळचं दूध जमायचं, ते मी रात्रभर परसातल्या दगडी टाकीत, गार पाण्यात ठेवायची. सकाळी सकाळच्या दुधाबरोबर ते गाडीत चढायचं आणि घाट उतरून बाजाराच्या गावी सेंटरवर जायचं. सोसायटीचा सेक्रेटरी आमच्याकडंच फॅट बघून लिहायचा. ते चांगलं भरायचं. सेंटरवर तेच दूध कमी भरायला लागलं, आणि तेही फक्त रात्रीचं. सकाळच्या दुधाला काही होत नव्हतं. मग रात्रीच्या दुधाला हात लावणारं कोण? टाकी माझ्या परसात. आणि रोज सकाळी देवापुढं लोणी ठेवणारी गावात मी एकटीच.

तोंडावर कुणी बोललं नाही. बायका दूध ओतताना कॅनमध्ये जरा जास्त वेळ वाकून बघू लागल्या. हळदीकुंकवाला गेले तेव्हा एकीनं विचारलं, देवाला लोणी आवडतं म्हणे लई. बाकीच्या हसल्या नाहीत, त्यावरून मला कळलं. मी घरी आले, कॅन धुवायला पाणी तापवलं. ते पायावर सांडलं तरी मला काही जाणवलं नाही. संध्याकाळी फोड दिसला तेव्हा समजलं. पुढचे सगळे दिवस तसेच गेले. हात कामं करत होते. प्रदक्षिणा, वाती, पोथीचा अध्याय, काही चुकलं नाही. मी मात्र कुठं होते, सांगता येत नाही.

मग चेरमन जोतीराम नार्वेकरांनी निरोप धाडला. फरक असाच राहिला तर दूध दुसऱ्याच्या सोप्यावर न्यावं लागेल आणि गाडीही दुसऱ्याची लावावी लागेल. त्याआधी एक दिवस सभासदातलं कुणीतरी कॅनबरोबर जाईल. सोनाक्कानं स्वतःहून नाव दिलं. तिच्या गोठ्यात सगळ्यांत जास्त म्हशी होत्या आणि संशयही तिलाच सगळ्यांत जास्त. ती रात्री माझ्या परसात टाकीशेजारी घोंगडी टाकून झोपली. कॅनच्या कड्यांना तिनं आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, आणि गाठी अशा मारल्या की त्या तिलाच सुटाव्यात. सकाळी म्हणाली, मालू, तूबी चल. तुझ्या पाठीमागं बघितल्यागत नको व्हायला. त्यात वाईटपणा नव्हता. तिच्या मनानं ती न्यायानंच वागत होती. मी खुणेनं बरं म्हटलं. देवाचा नैवेद्य परत आल्यावर, तोवर मौन आणि उपास.

गाडी वाडीच्या उतारावर लागली आणि सोनाक्काचं बोलणं तुटायला लागलं. अर्धा शब्द वर, अर्धा खाली. पहिल्या खड्ड्यातच ती झाकणावरून उचलली गेली आणि पुन्हा त्यावर आदळली.

"आगं आई," ती म्हणाली. "ही गाडी हाय का उखाळ?"

पिकअप आम्ही दिवाळीत घेतली होती. जुनीच, पण आमचा आधीचा तीनचाकी टेम्पो मोडीत निघाल्यावर घरात आलेली ती पहिली चारचाकी. घेतल्यापासून हे तिच्याशी झगडत होते. गाडी आदळते, मणके खिळखिळे झाले, अशी रोजची तक्रार. आधी चाकातली हवा कमी केली. मग बाजारातल्या दस्तगीर मिस्त्रीनं पुढचे धक्के झेलणारे शॉकॉप बदलले. मग पुढचे टायर बदलले. शेवटी यांनी बसायच्या जागेवर माझी एक वाकळ दुमडून घातली आणि कमरेला पट्टा बांधला. इतकं करून गाडीचं दुखणं कुणाला सापडलं नाही. गाडीचं दुखणं हे यांचं होतं, दुधाचं दुखणं माझं. दोन्ही एकाच घरात होती, पण कुणी ती शेजारी ठेवून बघितली नव्हती.

घाटात तर सोनाक्कानं माझा दंडच धरला. हौद्याचा मागचा भाग असा उडत होता, की खालून कुणी लाथा घालतंय असं वाटावं. कॅन पुरते भरलेले नव्हते. आतलं दूध गळ्यापर्यंत उसळून झाकणाला आपटायचं, तो आवाज मला ऐकू येत होता. ओळखीचा वाटत होता, पण कुठला ते आठवत नव्हतं. माझं डोकं त्या दिवसांत असं चालायचं.

सेंटरवर गाडी थांबली. तिथला माणूस सवयीनं कॅनला हात घालायला आला, तशी सोनाक्कानं त्याला थोपवलं. तिनं आपल्या गाठी बघितल्या. जशाच्या तशा होत्या. एक चिंधी सोडली, झाकण ओढलं आणि उलटं करून धरलं.

झाकणाच्या आत, कडेनं, पांढरं जाड कडं बसलं होतं. खाली दुधावर तांदळाच्या कण्यांसारखं काही तरंगत होतं. सोनाक्कानं बोट फिरवलं, चाटून बघितलं. पुन्हा बघितलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "मालू, लोणी हाय गं हे."

तेव्हा मला तो आवाज आठवला. माझ्याच घुसळणीचा होता.

रात्रभर गार पाण्यात राहून दुधावर साय धरायची आणि सकाळी ही गाडी घाटभर ते घुसळायची. निघालेलं लोणी वर, झाकणाला. फॅट बघायला पळीनं दूध घ्यायचे ते आतलं. त्या माणसानं सांगितलं, झाकणं इथं आल्याबरोबर उकळत्या पाण्यात टाकतात, दूध गाळण्यातून ओततात आणि गाळणी शेवटी एकदमच धुतात. इतक्या गावांच्या गाड्या येतात, कोण कुठलं झाकण उलटून बघतंय. तो काही खोटं बोलत नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. हे मला दिसत होतं, भिंतीवरचं चित्र दिसावं तसं. मी पदरानं हात पुसले.

हे केबिनमधून उतरून मागं आले. सोनाक्कानं त्यांच्यापुढं झाकण धरलं आणि सगळं सांगितलं. यांनी झाकणाकडं बघितलं. त्यांचा चेहरा उजळायला हवा होता. तो उतरला. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही. दस्तगीरकडं जाऊ या, एवढंच म्हणाले.

दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज सेंटरपासून जवळच होतं. गाडी बघून तो हसला, म्हणाला, सिद्धाप्पा, आता काय पुढचं इंजिन बदलायचं? आणि सवयीनं पुढच्या चाकाशी बसला. तशी सोनाक्का हौद्यातूनच बोलली.

"म्होरं काय बघतोस दादा? तू मागं बस आन् माज्या कमरंला इचार."

दस्तगीर उठला. इतके दिवस तक्रार पुढं बसणाऱ्याची होती, म्हणून तो पुढंच शोधत राहिला होता. तो मागं गेला, गाडीखाली सरकला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा हसत नव्हता. त्यानं यांना विचारलं, आधी या गाडीतून काय वाहत होते.

"चिरा," हे म्हणाले.

मग सगळं हळूहळू निघालं. गाडी कोकणातल्या एका चिऱ्याच्या खाणीवरची. ओझं पेलावं म्हणून त्या माणसानं मागच्या चाकांवर स्प्रिंगचे जादा लोखंडी पाटे घातले होते. हौदा दगडांनी भरला की ते पाटे वाकायचे आणि गाडी मऊ चालायची. दुधाच्या कॅनांनी त्यांना काय होणार? ते लोखंडी बाकासारखे ताठच राहायचे, आणि रस्त्याचा प्रत्येक दगड जसाच्या तसा वर पोचवायचे. विकताना तो माणूस पाटे काढून देतो म्हणाला होता. यांनीच राहू द्या म्हटलं. जास्त पाटे म्हणजे गाडी दणकट, असा हिशेब. मजबुतीला कुणी दुखणं समजत नाही, म्हणून त्यांनी मिस्त्रीला कधी ते सांगितलंही नाही. दस्तगीर म्हणाला, हे आधी बोलला असतास तर माझे शॉकॉप वाचले असते आणि तुझी कंबर. हे मान खाली घालून उभे राहिले.

पाटे उतरवायला वेळ लागणार होता. सोनाक्कानं मला समोरच्या चहाच्या गाड्यापाशी बाकावर नेऊन बसवलं. दोन चहा सांगितले. माझा उपास आहे हे तिला आठवलं तेव्हा दोन्ही तिनंच घेतले. पहिला संपवून तिनं कप बाजूला सारला.

मग म्हणाली, "मालू, मी तुला नावं ठेवली. आता तोंड कसं दाखवू? पन आमी तरी काय करनार गं. मालकच असं बोलल्यावर."

मी तिच्याकडं बघितलं.

"तुला ठावं न्हाई?" तिनं कप खाली ठेवला. "चेरमनकडं तुझाच मालक गेला हुता. म्हनला, बाईमानसाची चूक झाली, देवाच्या नादात केलं, पोटात घाला. चेरमननं इचारलं, तिनं कबूल केलं का. तर म्हनला, मी इचारलं. ती गप बसली."

समोर दस्तगीरचा हातोडा वाजत होता. सोनाक्का पुढंही काही बोलली असेल. मला आठवतं ते एवढंच, की कपातल्या चहावर साय धरत होती आणि मी ती बघत होते.

त्यांनी मला विचारलं होतं. एकदाच. पहाटेची वेळ होती, मी रवीला दोरी गुंडाळून घुसळत होते. ते उंबऱ्याशी, पाठमोरे, कानटोपी बांधत होते. रात्रीच्या कॅनमधलं थोडं काढतेस का गं तू, असं दाराकडं तोंड करून म्हणाले. माझे हात थांबले. नैवेद्य झाला की सांगू, असं मी मनात म्हटलं. तोवर गाडी गेली होती. संध्याकाळी त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटलं, त्यांना उत्तर ठाऊकच आहे, म्हणून पुन्हा विचारायचं कारण पडलं नाही. मी त्यात समाधान मानलं होतं. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहिलेला माणूस. माझं मौन कधी लागतं आणि कधी सुटतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

सोनाक्का बाजारात लेकीकडं गेली. जाताना म्हणाली, आता बघ, दुपारच्या एसटीनं गावात आले की मीच सगळ्यांना सांगते. मी मान हलवली.

परतीला मी पुढं केबिनमध्ये बसले. गाडी निघाली आणि आधी मला वाटलं, बंदच पडली. इतकी हलकी चालत होती. दिवाळीपासून त्या केबिनमध्ये कुणाला कुणाचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. आता यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. घाट लागला. हे रस्त्याकडं बघून बोलू लागले. बघ, पोटातलं पाणी हलत नाही. उद्यापासून फरक येणार नाही. चेरमनला मी आज संध्याकाळीच जाऊन सांगतो, गाडीचा दोष होता. तू आता काही मनात ठेवू नकोस.

देव अजून उपाशी होता. माझ्या ओठांना पहाटेपासून शब्द लागला नव्हता. लग्न झाल्यापासून मी हा नेम तापात मोडला नव्हता, लग्नकार्याच्या गर्दीत मोडला नव्हता.

मी म्हटलं, "आता विचारा."

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी वळणावरच थांबली. नैवेद्याआधी माझा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"काय विचारू?"

"त्या दिवशी विचारलंत ते. माझ्याकडं बघून विचारा."

मागून एक ट्रक आला, हॉर्न देत बाजूनं गेला. यांनी दोन्ही हात स्टेअरिंगवरच ठेवले होते. मग वळून माझ्याकडं बघितलं. विचारताना शब्द नीट येत नव्हते, तरी पुरं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आता मी विचारते. तुम्हांला खरंच वाटलं होतं, मी काढते म्हणून?"

ते लगेच बोलले असते तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. काचेवर धूळ होती, ती बघत राहिले. मग म्हणाले, "नाही वाटलं."

"मग?"

"कुणीतरी केलंय, एवढं दिसत होतं. गाडी माझी, टाकी आपली. माझ्यावर आलं असतं तर गाडीचं काम सुटलं असतं, मग खायचं काय? बाईमाणसाचं म्हटलं, देवाच्या नादातलं म्हटलं, तर लोक हसतात आणि सोडून देतात." थोडं थांबून म्हणाले, "तू कुणाला काही बोलत नाहीस. तुझं निभावून जाईल, असं वाटलं."

रागावावं असं वाटत होतं, पण राग जिथून येतो तिथं काही नव्हतं. त्यांनी गाडी सुरू केली. उरलेला घाट आम्ही कसा चढलो ते मला कळलं नाही. एकही खड्डा लागला नाही.

घरी आले. पुन्हा अंघोळ केली. नैवेद्य दाखवला. देवाशी बोलायचा पहिला शब्द त्या दिवशी त्याच्यासाठी उरला नव्हता. मी नुसते हात जोडले.

संध्याकाळपर्यंत सोनाक्कानं गावभर केलं. दूध घालायला आलेल्या बायका हसत होत्या, गाडीनं ताक केलं म्हणत होत्या. एक जण माझ्या पाया पडायला वाकली, तिला मी उठवलं. सगळं सुरळीत झाल्यासारखं दिसत होतं. पण मला त्यांच्यातलं कुजबुजणंही ऐकू येत होतं. लोणी गाडीनं काढलं हे खरं, पण मग मालकानं कबूल केलं ते कशाला? काहीतरी असल्याशिवाय नवरा बायकोचं नाव घेईल का? हे चेरमनकडं जाऊन आले होते. गाडीचं सांगून आले होते. स्वतःचं सांगून आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगावर पाणी घेतलं. घुसळण केली. उजाडायच्या आत सोपा भरला. सोनाक्का पुढं होती, तिच्यामागं रांग. सेक्रेटरी वही उघडून बसला होता. चेरमनही मुद्दाम आले होते. हे कॅन उचलायला दाराशी उभे होते. मी माप हातात घेतलं नाही, पालथंच ठेवलं.

"जरा थांबा," मी म्हटलं.

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. या वेळी माझा आवाज त्यांनीही कधी ऐकला नव्हता. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. तेव्हाही मी हळूच बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"यांना तुमच्यापुढं काही सांगायचं आहे. ते झालं की दूध घेते."

हे माझ्याकडं बघत राहिले. मीही त्यांच्याकडं बघत राहिले. कुणाची तरी म्हैस गोठ्यात हंबरली. रांगेतलं कुणी हललं नाही. बऱ्याच वेळानं यांनी हातातला कॅन खाली ठेवला, कानटोपी काढली, आणि चेरमनकडं नाही, बायकांकडं तोंड करून बोलायला लागले. "मालननं काही केलं नव्हतं," म्हणाले. "मला ते ठाऊक होतं. तरी मी तिचं नाव सांगितलं." पुढचं त्यांनी तोडूनमोडून सांगितलं, पण काही गाळलं नाही. ते बोलत असताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. ती गाडी दूध वाहता वाहताच म्हातारी झाली. बाकीचे नेम मी आजही पाळते. सकाळचं मौन मात्र पुन्हा कधी धरलं नाही.

त्या सकाळी त्यांचं बोलून संपलं. मी माप सुलटं केलं.

"सोनाक्का," मी म्हटलं, "तुझं आण."